‘१०० कोटी पार’चं पोस्टर आलं की आधी काय बघायचं

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारी रात्रीपर्यंत फॅमिली ग्रुपवर पोस्टर येऊन पडतं, मागे ज्वाळा, पुढे हिरो आणि मधोमध भला मोठा आकडा. १०० कोटी, ३०० कोटी, सगळे रेकॉर्ड मोडले वगैरे. मग लगेच वाद सुरू, ह्याचा मोठा का त्याचा मोठा. मला सिनेमाचं वेड आहे आणि आकड्यांचंही आहे, पण निव्वळ पोस्टरवरच्या आकड्यावरून लोक सिनेमा चांगला की फालतू ते ठरवून मोकळे होतात ना, तेव्हा खरंच जीव तुटतो. म्हणून असा आकडा आला की मी काय काय तपासतो ते लिहितोय, एकदा सवय लागली की दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात आधी आकड्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते झूम करून बघा. ग्रॉस, नेट की शेअर? ह्या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि अर्धी भांडणं इथेच संपतात. समजून घ्यायला तुमचं जुनं तिकीट काढा. समजा तिकीट २३६ रुपयांचं आहे, तर खाली फोड दिलेली असते बघा, मूळ दर २००, सीजीएसटी १८, एसजीएसटी १८, कारण १०० रुपयांच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. आता २३६ हा ग्रॉस. २०० हा नेट. आणि त्या २०० मधले पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे वितरकाला जातात, म्हणजे १००, हा शेअर. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं ह्याच वाटणीवरून वाजलं होतं, दोन महिने मोठे हिंदी सिनेमेच लागले नव्हते, त्यानंतर जे ठरलं ते ढोबळमानाने असं की पहिला आठवडा ५० टक्के, दुसरा ४२.५, तिसरा ३७.५ आणि पुढे ३०. ॲपवर तिकीट काढताना वर जी कन्व्हिनियन्स फी जाते ती ह्यात कुठेच नाही आणि पॉपकॉर्न तर नाहीच नाही, तो पैसा थेटरवाल्याचा.

आता हाच हिशोब मोठा करा. देशात ११८ कोटी ग्रॉस म्हणजे १०० कोटी नेट, म्हणजे वितरकाच्या हातात पन्नासच्याही खाली, त्यातून जाहिरातीचा खर्च आणि कमिशन गेलं की उरेल ते निर्मात्याचं. तेव्हा ‘१०० कोटीत बनवला, १२० कोटी कमावले, हिट’ असं कुणी म्हणालं की त्याला तिकीट दाखवा. ओटीटी आणि टीव्हीचे पैसे वेगळे येतात हे मान्य, पण मग थेटरातून कमावले असं म्हणू नका.

दुसरं म्हणजे, कुठला गल्ला? २००८ मध्ये ‘गजनी’ने १०० कोटी केले ते भारतातले नेट होते, तिथूनच हे ‘१०० कोटी क्लब’ प्रकरण सुरू झालं. आता पोस्टरवर बहुतेक वेळा जगभरातला ग्रॉस असतो, मग त्याची तुलना जुन्या १०० कोटींशी कशी करणार? ‘दंगल’ आणि ‘बाहुबली २’चं भांडण आठवा. जगभरात ‘दंगल’ पुढे, पण त्यातले हजार कोटींहून जास्त एकट्या चीनमधून, २०१७ मध्ये तिकडे लागला तेव्हाचे. भारतापुरतं बघितलं तर ‘बाहुबली २’ कितीतरी पुढे. दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि दोन्ही बाजूंनी वर्षभर एकमेकांची अक्कल काढली. तसंच आकड्यात रि-रिलीज धरलंय का तेही बघा. ‘ॲव्हेंजर्स एंडगेम’ने २०१९ मध्ये ‘अवतार’ला मागे टाकलं होतं, मग मार्च २०२१ मध्ये ‘अवतार’ चीनमध्ये परत लावला आणि पहिला नंबर परत घेतला.

ह्यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पोस्टरवर तो कधीच नसतो. माणसं किती आली? फ्रान्स आणि कोरियात रेकॉर्ड मोजतात ते मुळात विकलेल्या तिकिटांवर, आपल्याकडे सगळं रुपयांत. रुपयांत मोजलं की दर वाढवला की रेकॉर्ड आपोआप होतं. उलटं उदाहरण घ्या, २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय सिनेमा दिवस म्हणून ७५ रुपयांत तिकीट होतं, थेटरं सकाळपासून भरली, पण गल्ल्याच्या यादीत तो दिवस गर्दीच्या मानाने छोटाच दिसणार. आणि आपल्या मराठीचं बघा. दादा कोंडक्यांचे नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली, ते रेकॉर्ड आठवड्यांचं होतं, २५ आठवडे एक सिनेमा चालतो म्हणजे किती माणसं आली असतील. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला आमच्या गल्लीतल्या बायका टेम्पो करून तालुक्याच्या टॉकीजला गेल्या होत्या, आई अजून सांगते की जाताना सगळ्या गात होत्या आणि येताना टेम्पोत कुणी बोलत नव्हतं, सगळ्यांचे पदर ओले. त्या टेम्पोतल्या सगळ्यांची तिकिटं मिळून आजचं मल्टिप्लेक्सचं एक तिकीट येणार नाही. म्हणून जुन्या आणि नव्या सिनेमाची तुलना करायची असेल तर गल्ल्याला त्या वेळच्या सरासरी दराने भागा, ढोबळ का होईना माणसं कळतात. ‘सैराट’ने २०१६ मध्ये १०० कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हा महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर नव्हता, जीएसटी जुलै २०१७ मध्ये आला, त्यामुळे त्याचा ग्रॉस नंतरच्या सिनेमांच्या ग्रॉसशेजारी ठेवताना ह्याचाही विचार करा.

मग आकडा सांगतंय कोण ते बघा. आपल्याकडे सगळ्या थेटरांचा पक्का हिशोब एका जागी लोकांसमोर ठेवणारी सरकारी यंत्रणा नाही. निर्मात्याचं पोस्टर एक सांगतं, ट्रेडवाले, म्हणजे सिनेमाच्या धंद्याचे आकडे छापणारे, अंदाज लावतात, दोन्हींत फरक पडतोच. केरळात २०२५ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेनेच दर महिन्याला सिनेमांचं बजेट आणि तिथल्या थेटरांतला शेअर जाहीर करायला सुरुवात केली, मला वाटतं हे आपल्याकडे आधी व्हायला हवं होतं. तोवर निर्मात्याचा आकडा आणि ट्रेडचे दोन वेगवेगळे अंदाज शेजारी ठेवा, त्यातला सगळ्यात छोटा आकडा खरा धरून चाला.

सीट मॅपवरही डोळे झाकून विश्वास नको. एका शनिवारी मी ॲपवर बघितलं तर मधल्या पाच रांगा सगळ्या विकलेल्या, कोपऱ्यातली सीट मिळाली. आत गेलो तर त्या पाच रांगा पूर्ण रिकाम्या, अख्ख्या हॉलमध्ये आम्ही ११ जण, इंटरव्हलपर्यंत कुणी आलं नाही. तिकिटं कुणी घेतली, का घेतली, मला माहीत नाही. पण त्या शोची ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के सीट भरल्या ते, कुठेतरी आकड्यात गेली असणार. तेव्हापासून मी सलग ब्लॉक विकलेला दिसला की तसाच दुसऱ्या थेटरात आहे का बघतो. खरी गर्दी विखुरलेली असते, दोन सीट इथे, चार तिथे, मध्ये एखादी एकटी सुटलेली.

रेकॉर्डच्या आधी किती विशेषणं लागलीत तीही मोजा. ‘सुट्टी नसलेल्या दिवशी, डब न केलेल्या सिनेमाची, दुसऱ्या मंगळवारची सर्वोच्च कमाई’ असं असेल तर स्क्रोल करा.

आणि शेवटी, सिनेमा खरंच लोकांना आवडतोय का हे शोधायचं असेल तर शुक्रवार सोडा, सोमवार बघा. वीकेंडची गर्दी जाहिरातीने येते, सोमवारची एकमेकांना सांगून येते. पहिल्या शुक्रवारच्या निम्म्याच्या वर सोमवार राहिला तर सिनेमा टिकतोय असं समजा. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ पहिल्या शुक्रवारी साधारण एक कोटीवर सुरू झाला आणि दुसऱ्या रविवारी त्याच्या कितीतरी पट गेला, बायका भिशीचे ग्रुप घेऊन दुपारचे शो भरत होत्या, हे कुठल्याच ओपनिंगच्या आकड्यात दिसलं नसतं. मराठी सिनेमाचा हाच प्रॉब्लेम आहे की तोंडी जाहिरात पोचेपर्यंत शोच उरत नाहीत, सकाळी पावणेदहाचा एक आणि रात्री अकराचा एक. म्हणून बुधवारी रात्री पुढच्या आठवड्याचं बुकिंग उघडलं की तुमच्या गावात त्या सिनेमाचे शो किती आणि कुठल्या वेळेला आहेत ते लिहून ठेवा, मागच्या आठवड्याशी ताडून बघा. संध्याकाळी सातचा शो अजून असेल तर सिनेमा चालू आहे, नसेल आणि तुम्हाला बघायचा असेल तर गुरुवारच्या आत जाऊन या.