एसडीरॅम चुकीचा डेटा देतेय? आधी क्लॉकची फेज बघा

एफपीजीए (हवं ते सर्किट प्रोग्राम करून बसवता येणारी चिप) बोर्डवर एसडीरॅमची, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यावर चालणाऱ्या मेमरी चिपची, टेस्ट करताना नेहमी तोच एक बिट चुकत असेल, तर टायमिंगच्या (डेटा आणि क्लॉकच्या वेळा जुळण्याच्या) मागे लागू नका. पिन असाइनमेंट (कोणता सिग्नल कोणत्या पिनला जोडलाय) आणि सोल्डरिंग तपासा. चुका कुठेही आणि बोर्ड तापल्यावर जास्त येत असतील, तर मात्र संशय टायमिंगवरच.

हा संशय खरा का ते बघायला क्लॉक समजा १०० मेगाहर्ट्झवरून ५० वर आणा. पण रिफ्रेश काउंटरही (मेमरीतला डेटा पुसला जाऊ नये म्हणून तो किती सायकलनी ताजा करायचा ते मोजणारा) बदला, हे हमखास विसरलं जातं. ६४ मिलिसेकंदांत ८१९२ ओळी म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश: १०० ला ७८० सायकल, ५० ला ३९०. काउंटर तसाच ठेवला तर नव्याच चुका दिसू शकतात आणि निदान फसतं.

कमी वेगाला सगळं सुरळीत चाललं, तर वेग पूर्ववत करून पीएलएलमधून (एफपीजीएतला क्लॉक तयार करणारा भाग) मेमरी चिपला जाणाऱ्या क्लॉकची फेज (ठोका किती आधी किंवा नंतर पडतो ते) थोडी थोडी सरकवत प्रत्येक वेळी पूर्ण टेस्ट चालवा. समजा −१२० ते −४० अंशांत टेस्ट पास होते, तर −८० घ्या. कडेची फेज टेबलावर चालेल, बंद डब्यात दगा देईल. डेटा पिनांचे रजिस्टर आयओ ब्लॉकमध्येच (एफपीजीएतला पिनांलगतचा भाग) बसवा, नाहीतर डिझाइनच्या दर कंपाइलला पास होणाऱ्या फेजची ही मर्यादा हलते.