भाड्याने देण्यासाठी घर घेताना: निवड, हिशेब आणि देखभाल

भाड्याने देण्यासाठी प्रथमच घर घेणाऱ्याचे सगळे लक्ष महिन्याला किती भाडे येईल याकडे असते. घर वर्षात किती काळ रिकामे राहते आणि त्याच्या डागडुजीवर किती खर्च होतो, यावरच उत्पन्न अधिक अवलंबून असते, हे माझे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरचे ठाम मत आहे.

म्हणून प्रथम हिशेब करावा. वर्षभराच्या भाड्याला खरेदीच्या एकूण खर्चाने भागले की ढोबळ परतावा कळतो. या एकूण खर्चात विक्रेत्याला दिलेल्या किमतीबरोबरच नोंदणी, दलाली आणि घर राहण्याजोगे करण्याचा खर्चही धरावा लागतो. समजा, ढोबळ परतावा ६ टक्के आहे. घर वर्षातून एक महिना रिकामे राहिले तर तो ५.५ टक्क्यांवर येतो, आणि कर, विमा, इमारतीचे देखभाल शुल्क व दुरुस्ती यांत भाड्याचा चौथा हिस्सा गेला तर हाती ४ टक्के उरतात. कर्जाचा व्याजदर ८ टक्के असेल, तर कर्जाऊ रकमेच्या प्रत्येक भागावर दरवर्षी पदरचे ४ टक्के घालावे लागतात. पुढे घराची किंमत वाढेल आणि ही तूट भरून निघेल, असे अनेकजण गृहीत धरतात. ती वाढ झाली तर आनंदच आहे. पण जे घर केवळ त्या आशेवर परवडते, ते नवख्याने घेऊ नये.

घर निवडण्याआधी तिथे कोण राहायला येणार हे ठरवावे. विद्यार्थी, एकटे नोकरदार आणि मुले असलेले कुटुंब यांच्या गरजा वेगळ्या असतात. लहान घर लवकर भाड्याने जाते, पण ते वारंवार रिकामेही होते. एकाच कारखान्याच्या किंवा महाविद्यालयाच्या आधारावर जगणारी वस्ती मला नेहमी जोखमीची वाटते, कारण ती संस्था हलली की भाडेकरूही हलतात. परिसरात सकाळी, रात्री आणि शक्य असल्यास भर पावसात जाऊन यावे. भिंतीतली ओल, तुंबणारा निचरा आणि पाण्याचा कमी दाब या गोष्टी कोरड्या दुपारी दिसत नाहीत. जाहिरातीतले भाडे ही केवळ मालकाची अपेक्षा असते. प्रत्यक्ष भाडे जाणून घेण्यासाठी दलालांना नुकत्याच झालेल्या करारांविषयी विचारावे आणि त्याच इमारतीतील भाडेकरूंशी बोलावे. घरात आधीच भाडेकरू असेल, तर त्याचा करार, अनामत रक्कम आणि भाडे खरोखर जमा होत असल्याच्या नोंदी खरेदीपूर्वीच तपासाव्यात.

भाडेकरूची ओळख आणि उत्पन्न यांची खातरजमा सर्वजण करतात. त्याखेरीज मी त्याच्या सध्याच्या घरमालकापेक्षा त्याआधीच्या घरमालकाशी बोलण्यास अधिक महत्त्व देतो, कारण त्रासदायक भाडेकरू लवकर जावा म्हणून सध्याचा मालक त्याची स्तुतीही करू शकतो. भाडे वेळेवर देण्याची क्षमता आणि घर नीट वापरण्याची वृत्ती एवढेच निकष असावेत; जात, धर्म किंवा लग्न झाले आहे की नाही यावरून माणसाला नाकारणे अन्यायाचे आहे. करार लेखी असावा आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची, हे त्यात स्पष्ट लिहावे. ताबा देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि मीटरवरील आकडे नोंदवून दोघांनी सह्या केल्या, तर अनामत परत करतानाचे बहुतेक वाद उद्भवतच नाहीत.

चांगला भाडेकरू टिकवणे हा माझ्या मते या कामाचा गाभा आहे. समजा, बाजारभावापेक्षा ५ टक्के जास्त भाडे मागितल्याने भाडेकरू गेला आणि घर एक महिना रिकामे राहिले. वाढीव भाडे देणारा नवा भाडेकरू मिळाला तरी त्या एका महिन्याचे नुकसान भरून यायला २० महिने लागतात, आणि यात रंगकाम व दलाली धरलेली नाही. म्हणून भाडेवाढ माफक आणि आधी कळवून करावी. गळतीची तक्रार आली की त्याच दिवशी हालचाल करावी. पाणी झिरपत राहिले तर नळाच्या दुरुस्तीचे काम भिंतीच्या आणि वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीवर जाते.

पैशांसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे, दर महिन्याच्या भाड्यातून ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढावा आणि अनामत रकमेला हात लावू नये, कारण ती परत करावयाची असते. घर दूर असेल तर व्यवस्थापक नेमणे योग्यच आहे, मात्र त्याचे शुल्क खरेदीपूर्वीच्या हिशेबात धरलेले असावे. तो न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करू शकतो, घराची पाहणी किती वेळा करील आणि प्रत्येक बिलाची प्रत केव्हा पाठवील, या गोष्टी त्याच्याशी होणाऱ्या करारात लिहून घ्याव्यात.