तेलकट लाकडावर पॉलिश कसे बसवावे

कोकोबोलो या तेलकट, रंगीत विदेशी लाकडाचा वाडगा लेथवर झकास कातला, जवसाच्या तेलाचा हात दिला, आणि आठवडा उलटला तरी बोट चिकटतेच आहे. अशा वेळी तेलाच्या डब्याला दोष देण्यात अर्थ नाही. जवसाचे तेल, टुंग तेल आणि तेलापासून केलेली वॉर्निशे नुसती वाळत नाहीत. हवेतला ऑक्सिजन घेऊन ती घट्ट होतात. कोकोबोलो, शिसवी आणि त्यांच्या भाऊबंदांच्या अंगात अशी काही द्रव्ये असतात, की ती नेमकी हीच क्रिया अडवून धरतात. सागवान आणि लिग्नम व्हायटी या अतिशय जड, कठीण लाकडावर पॉलिशला पकडच मिळत नाही. लिग्नम व्हायटीत तर इतकी राळ असते, की जहाजाच्या पंख्याच्या दांड्यासाठी या लाकडाची बेअरिंग वापरत.

म्हणून सगळी काळजी पहिल्या हाताआधी घ्यायची.

घासताना लेथचा वेग कमी ठेवा. लाकूड तापले की आतले तेल वर येते, सँडपेपर लगेच भरतो आणि बारीक तडेही जातात. पेपरची ऊब बोटांना जाणवू लागली की थांबा. भरलेला पेपर दाबून चालवण्यापेक्षा नवा घ्या. इथली काटकसर महागात पडते. 120 नंबरच्या पेपरपासून 180, 240, 320 करत 400 पर्यंत जा, मधला नंबर गाळू नका. मास्क लावाच. या लाकडांच्या भुशाने कातडीवर पुरळ उठते, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोडा भुसाही पुरतो.

मग लेथ थांबवून ॲसिटोनने पुसा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. पुसलेला कागद रंगतो, पण तो पांढरा निघेपर्यंत पुसत बसू नका, कारण रंग लाकडाचाच आहे आणि तो येतच राहणार. आपल्याला फक्त वरच्या थरातले तेल काढायचे आहे. तेही थोड्या वेळाने आतून परत वर येते. म्हणून ॲसिटोन उडाले की लगेच पुढचे काम, चहा नंतर.

पहिला हात शेलॅकचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा. त्यातले स्पिरिट उडून गेले की ते वाळते, ऑक्सिजनशी त्याला देणेघेणे नाही, त्यामुळे लाकडातल्या तेलाची मात्रा त्याच्यावर चालत नाही. मेण काढलेले शेलॅक घ्या, नाहीतर वरून लावलेले पॉलियुरेथेन वॉर्निश नीट धरत नाही. 100 मिली स्पिरिटला शेलॅकच्या साधारण 12 ग्रॅम चपड्या (पातळ पापुद्रे) पुरतात. पातळ दोन हात द्या आणि मधे 400 च्या पेपरने अलगद फिरवा. फिरत्या लेथवर लावायचे असेल तर कापड कधीच नको, टिश्यू कागद घ्या. अडकला तर तो फाटतो, कापड मात्र बोट ओढून नेते.

पडौक हे लाल लाकूड फिकट लाकडाला जोडलेले असेल तर ॲसिटोन विसरा. लाल रंग फिकट भागात उतरतो तो कायमचा. स्पिरिटनेही तेच होते, म्हणून तिथे शेलॅक घासून न लावता हलके फवारा.

शेलॅकवर लॅकर, वॉर्निश, मेण, काहीही चालते.

खरे तर लिग्नम व्हायटीसारख्या लाकडाला मला काही थापावेसेच वाटत नाही. 400 नंतर 600 आणि 800 पर्यंत घासायचे आणि बफिंगच्या चाकावर कारनौबा मेणाची चमक आणायची. हाताळून ती उतरते, पण पुन्हा आणायला पाच मिनिटे लागतात.

तो चिकट वाडगा फेकू नका. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने न वाळलेले तेल पुसून काढा, पूर्ण कोरडा होऊ द्या आणि ॲसिटोनपासून पुन्हा सुरुवात करा. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका. त्या आतून तापत जाऊन आपोआप पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून कडक वाळवा, मगच टाका.