डोंगरातलं घर शाकारायला येताय? या चुका टाळा

जावळी, पाटण, महाबळेश्वर या साताऱ्याच्या पश्चिम अंगाच्या तालुक्यांत बरीच घरं वर्षभर कुलपात असतात. माणसं मुंबईला, कुणी माथाडीत, कुणी नोकरीत. मे महिन्यात कुलपं निघतात, कारण मिरगाच्या आत कौलं चाळायची, म्हणजे फुटकी बदलून नीट बसवायची असतात. आमचं घर कास-बामणोली रस्त्याच्या वरच्या बाजूला, एका वाडीत आहे. हल्ली भाचे-पुतणे मदतीला मित्रांना घेऊन येतात. कामाला हात वाढतात, तशा चुकाही वाढतात, आणि दरवर्षी त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

दुपारी छप्पर उघडणं

ही पहिल्या नंबरची चूक. शहरातनं येणारा माणूस दहाला उठतो, चहा-पोहे करतो, फोटो काढतो आणि बाराला शिडी लावतो. मग उत्साहाच्या भरात घराची एक अख्खी बाजू उघडी करतो. वळीव येतो तो दुपारी तीननंतर. सकाळी आभाळ निरभ्र असतं, म्हणून तर फसगत होते.

गेल्या काही वर्षांतला एक प्रसंग सांगतो. पुतण्याचे मित्र पुण्याहून आले होते. पोरं चांगली, कष्टाला मागं हटणारी नव्हती. पण कौलावर चढलं की समोर डोंगराची सोंड दिसते, खाली शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाचं पाणी आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडं वासोटा किल्ल्याचा माथा. तिथंच घात होतो. अर्धी कौलं खाली उतरवलेली, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) उघड्या, आणि यांचं ठरलं, "समोरच्या सोंडेवर तासाभरात जाऊन येतो." आमचे तात्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "आरं, आभाळाकडं बघितलंसा का?"

"तात्या, अ‍ॅपवर पाऊस दाखवत नाहीये."

"त्ये अ‍ॅप काय हितं ऱ्हातंय व्हय?"

गेली पोरं. तासाभरात पूर्वेकडनं वारं सुटलं आणि गारांसकट पाऊस आला. सत्तरी ओलांडलेले तात्या आणि मी ताडपत्रीची टोकं धरून उभे. आत गाद्या भिजल्या, तांदळाचं पोतं भिजलं, सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला. पोरं तिकडं ढोरवाटेनं गेलेली. ढोरवाट माणसाला माथ्यावर नेण्यासाठी नसते, जनावराला चाऱ्याकडं नेण्यासाठी असते. करवंदीच्या जाळीत ती चार ठिकाणी फुटते आणि धुक्यात सगळ्या फाट्या सारख्याच दिसतात. अंधार पडल्यावर वाडीतला एक गुराखी बॅटरी घेऊन हाका मारत गेला, तेव्हा कड्याच्या अलीकडं, एका दगडाच्या आडोशाला तिघंही सापडले. मोबाईलची बॅटरी कधीच संपली होती.

माझी पद्धत अशी आहे. शिडी सकाळी सातला लागते. एका वेळी दोन-तीन हातांचा पट्टाच उघडायचा, तो मिटल्याशिवाय पुढचा नाही. दुपारी एकनंतर एकही कौल हलवायचं नाही. कुणी म्हणेल, असं केलं तर काम दोन दिवस जास्त चालतं. चालू दे.

कवडसे न बघता कौलं काढणं

फुटकं कौल वरून शोधत बसू नका. आदल्या दिवशी भर उन्हात दारं-खिडक्या लावून आत उभं राहा. जिथून कवडसा येतो तिथून खराट्याची काडी वर सारायची. वरच्या माणसाला काडी दिसते, तेवढंच कौल बदलायचं. आमच्याकडं वानरांच्या उड्यांनी फुटलेली कौलंच जास्त असतात. बाकीची जुनी, शेवाळलेली असली तरी ठणठणीत असतात. ती "एकदाचं सगळं नवीन करून टाकू" म्हणून हलवली की खाचा जुळत नाहीत आणि नवी गळती आपण हातानं तयार करतो. मंगलोरी कौलाचं माप कारखान्यागणिक थोडं बदलतं. म्हणून घरचं एक कौल गाडीत टाकून साताऱ्याला न्या, त्याला बसवून बघा आणि मगच खरेदी करा. मोबाईलमधला फोटो दाखवून आणलेली कौलं आमच्या वाडीत दोन-तीन घरांमागं रचून पडलेली आहेत.

पाय द्यायचा तो एक कौल दुसऱ्यावर चढतं तिथं, खालच्या रिपेचा अंदाज घेऊन. कौलाच्या मधोमध पाय दिला की कौल जातं आणि मागोमाग पायही. आणि फटीला डांबर किंवा सिमेंट थापणारे जे शॉर्टकटवाले असतात, त्यांना मी शिडीवर चढूच देत नाही. पुढच्या वर्षी एक कौल काढायला जावं तर चार फुटतात.

बारीकसारीक

रचून ठेवलेल्या कौलांत हात थेट घालू नका. आधी काठीनं हलवा, विंचू असतोच. दगडांच्या ढिगात फुरसं हा विषारी सापही असतो, तेव्हा चप्पल नको, बूट घाला.

साताऱ्यातून निघतानाच गाडीची टाकी भरा.

पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला गवताचा आडोसा बांधायचं काम शेवटच्या दिवसावर टाकू नका. पाऊस त्याच अंगानं झोडपतो.

ऑफिसची मीटिंग घेऊन येऊ नका. रेंजसाठी टेकाडावर उभं राहून "आवाज येतोय का" ओरडणाऱ्या माणसाचा कामाला काही उपयोग नसतो.

आणि मे महिन्यात कासची फुलं विचारू नका. 2012 साली युनेस्कोच्या यादीत पठाराचं नाव गेल्यापासून लोकांना वाटतं, तिथं बारा महिने बाग फुललेली असते. फुलं सप्टेंबरच्या आसपास.

"उद्या वासोटा करू"

छपरावरून दिसला म्हणून वासोटा ठरवणं, ही माझी दुसरी लाडकी चूक. दिसतो जवळ, पण मध्ये कोयनेचं धरण पसरलेलं आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी, मग बोटीत तासाहून जास्त वेळ, मग पलीकडच्या मेट इंदवली गावापासून दाट जंगलातनं दोन-अडीच तासांची चढण. हे कोयना अभयारण्य आहे. 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत परत यावंच लागतं. म्हणजे दहाला उठणाऱ्यांचं हे काम नव्हे. पावसाळ्यात वाट बंदच असते, आणि मे महिन्यात ओढे आटलेले असतात. पाणी अंगावरच वाहून न्यावं लागतं.

दिवसभर कौलं उचलून मांड्या भरून आलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी त्याच मांड्यांनी वासोटा चढायचा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. संध्याकाळी कागद-पेन देतो, "दिवाळीनंतरची तारीख लिहा" म्हणतो. तोवर चालायची एवढीच खुमखुमी असेल तर पहाटे गुराख्याबरोबर पठारावर जा. तो म्हणेल तिथं थांबा आणि उन्हं चढायच्या आत परत या. नाहीतर जाता जाता सज्जनगडच्या पायऱ्या चढा. त्यातही निम्मे जण वाटेत बसतात.

दिवाळीनंतर याल तेव्हा माणसं आधी नक्की करा. बोट अख्खी ठरवावी लागते, ऐनवेळी दोघे गळाले की बाकीच्यांवर भुर्दंड. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं. अंगाला अत्तर-सेंट नको. कड्याला आग्या मोहोळं असतात. आणि परवानगीच्या खिडकीपुढं उभं राहून "इथं कुणी ओळखीचं आहे का" म्हणत फोन फिरवत बसू नका, मागं रांग असते.