परग्रहावरचा जीव घडवताना या चुका टाळा

विज्ञानकथा मालिकांमधल्या परग्रहवासीयांवर सगळ्यात जास्त टीका होते ती कपाळावरून. दोन हात, दोन पाय, माणसाचाच चेहरा आणि भुवयांच्या वर रबराच्या वळ्या. पण ही तडजोड समजून घेण्यासारखी आहे. आठवड्याच्या आठवड्याला नवा भाग उभा करायचा आणि पाहुण्या नटाने संवाद म्हणायचे, तर त्याचे डोळे आणि ओठ मोकळे ठेवावेच लागतात. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकांच्या परिवाराने 1993 साली एका भागात या सगळ्या मानवसदृश वंशांना एक सामाईक प्राचीन पूर्वज देऊन प्रश्न मिटवला. 1966 साली याच परिवारातल्या मूळ मालिकेने एका कुत्र्याला शिंग चिकटवून त्याला परका प्राणी केले होते, तेही चालून जाते. खरा घोळ कागदावर होतो. जन्म किती, वस्तुमान कुठून आले, ऊर्जा कोण पुरवतो, हे न मांडताच जीव पडद्यावर येतो.

वंश काही पिढ्यांत संपतो

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'मधला ओकांपा हा परग्रही वंश याचे ठळक उदाहरण. आयुष्य जेमतेम नऊ वर्षांचे, आणि मादीला गर्भधारणा आयुष्यात एकदाच, चार ते पाच वर्षांची असताना. पटकथेत बोलणे एकाच मुलाचे चालते. आता गणित करा. एका जोडप्यामागे एक मूल म्हणजे प्रत्येक पिढी आधीच्या निम्मी. सगळी मुले जगली असे धरले तरी दहा लाखांची पिढी दहा पिढ्यांनंतर हजाराच्याही खाली येते, आणि या लोकांच्या बाबतीत दहा पिढ्या म्हणजे फार तर पन्नास वर्षे.

दोष 'एकदाच' या अटीत नाही. पॅसिफिक सामन मासा एकदाच अंडी घालून मरतो, बहुतेक जातींच्या ऑक्टोपस माद्यांचेही तसेच. पण अंडी हजारोंनी असतात. तपासायची गोष्ट एवढीच: एका मादीला आयुष्यात होणारी पिल्ले, गुणिले त्यातली प्रौढ होईपर्यंत जगणारी, गुणिले त्यातल्या माद्यांचे प्रमाण. उत्तर किमान 1 यायला हवे. निम्मी पिल्ले दगावत असतील आणि नर-मादी समसमान असतील, तर प्रत्येक मादीमागे चार पिल्ले लागतात. ओकांपांची दुरुस्ती एका वाक्यात झाली असती: एका वेळी चार-पाच मुले होतात, असे कुणाच्या तरी तोंडी घालायचे.

उलट टोकाला मूळ 'स्टार ट्रेक'मधले ट्रिबल हे छोटे केसाळ प्राणी. 1967 च्या भागात यानावरचा अधिकारी स्पॉक त्यांच्या संख्येचा आकडा सांगतो तो 17,71,561. एका प्राण्याला दर बारा तासांनी दहा पिल्ले, म्हणजे प्रत्येक वेळी संख्या अकरा पट; तीन दिवसांत सहा वेळा. अकराचा सहावा घात बरोबर एवढाच येतो. जन्मतःच गरोदर असणे हेही ओढूनताणून आणलेले नाही, मावा या पिकांवरच्या किडीत ते रोज घडते. शिवाय ही पिल्ले हवेतून उगवत नाहीत, गोदामातले धान्य फस्त करून वाढतात. दिसायला नुसता केसांचा गोळा, पण जीव म्हणून भक्कम.

वजन आले कुठून?

झपाट्याने वाढणारे राक्षस आणि रूप बदलणारे जीव इथे हमखास अडकतात. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या 2014 मधल्या एका भागात चंद्र हे अंडे निघते आणि त्याचे वजन 130 कोटी टनांनी वाढल्यामुळे पृथ्वीवर भरतीने हाहाकार माजतो. चंद्राचे वस्तुमान सुमारे 7.35 गुणिले दहाचा बाविसावा घात किलो आहे. 130 कोटी टन म्हणजे त्याचा साडेपाच हजार कोटींतला एक भाग. एवढ्याने भरतीची रेषा केसभरही हलणार नाही. त्या भागात चंद्रावर माणसे पृथ्वीसारखी चालतात, त्यासाठी वस्तुमान सहा पट व्हायला हवे. त्याहून मूळ चूक अशी की बाहेरून काहीच आत जात नसेल तर अंड्याचे वजन वाढत नाही. कोंबडीचे अंडे तर उबवताना कवचातून पाण्याची वाफ गेल्याने हलके होत जाते. आणि नुकताच बाहेर पडलेला तो जीव तेवढेच मोठे अंडे लगेच घालून जातो!

उपाय अवघड नाही. जीव मोठा होत असेल तर त्याने काय खाल्ले ते दाखवा, आणि खाल्लेले वाढलेल्या वजनापेक्षा बरेच जास्त असू द्या, कारण खाल्लेल्यातला मोठा भाग हालचाल, उष्णता आणि मलमूत्रात जातो. लहान होत असेल तर उरलेले वस्तुमान कुठे टाकले ते दिसले पाहिजे. कात, चिखल, सांडलेले पाणी, काहीही चालेल.

नुसत्या उन्हावर धावणारी वनस्पती-माणसे

भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट ऊन पडते. माणसाएवढ्या देहाचा एका वेळी उन्हाकडे असणारा भाग उदारपणे एक चौरस मीटर धरा. प्रकाशसंश्लेषणाने त्यातले दोन टक्के हाती आले तर झाले 20 वॅट. नुसते पडून राहायला माणसाला 80 ते 100 वॅट लागतात, तेही रात्रंदिवस. म्हणजे हिरवी कातडी जोडधंदा होऊ शकते, पोट भरू शकत नाही. एक तर देह पसरट, थंड आणि संथ करा, नाहीतर त्याला जेवू घाला. 'फारस्केप' मालिकेतली झान वनस्पतिवंशाची आहे, पण उपासमारीत तिला मांसाची गरज पडते. तिथे लेखकांनी विचार केलेला दिसतो.

रक्ताचा रंग निवडतानाही असेच पाहा. 'स्टार ट्रेक'मधल्या व्हल्कन वंशाचे रक्त तांब्यामुळे हिरवे असते असे सांगतात. प्रत्यक्षात ऑक्टोपस आणि नालखेकड्याचे तांबेयुक्त रक्त प्राणवायू मिळताच निळे होते. हिरवेच हवे असेल तर लोहावर आधारलेले, प्राणवायू वाहून नेणारे क्लोरोक्रुओरिन हे रक्तद्रव्य आहे. काही समुद्री वलयी कृमींमध्ये ते असते आणि पातळ द्रावणात हिरवे दिसते.

पोशाखातला माणूस ओळखू येतो

आत माणूस आहे हे चेहऱ्याआधी गुडघे सांगतात. 1963 साली रेमंड कुसिक या रचनाकाराने 'डॉक्टर हू'मधला डालेक हा परग्रही शत्रू रेखाटला तेव्हा चालवणाऱ्याला आत बसवले आणि पाय दिसूच दिले नाहीत. मानवी आकार तिथेच पुसला गेला. 'स्टार ट्रेक'मधल्या होर्टा या खडकासारख्या जीवासाठी यानोश प्रोहास्का हा नट पोशाख घालून जमिनीवर सरपटला, त्याचाही परिणाम तोच. 'डॉक्टर हू'मधल्या मिर्का या राक्षसाच्या 1984 च्या पोशाखात मात्र दोन माणसे पुढे-मागे उभी, रंग अजून ओला आणि सेटवर लख्ख उजेड.

असा पोशाख हातात आला तर दिवे कमी करा, पूर्ण देह एका चौकटीत घेऊ नका, आणि पाय धुरात किंवा सामानाआड ठेवा. रंग पुरता वाळल्यावर ज्या दिव्यांत चित्रण व्हायचे त्याच दिव्यांत पोशाख चालवून पाहा. फोमच्या शिवणी आणि पाठीची चेन तिथेच दिसते, आणि झाकायला वेळही मिळतो.