मत नव्हतं, ड्युटी होती

२४ ऑक्टोबर २०२२. पहाटे साडेचारला उठून पोरांना उटणं लावलं, अपार्टमेंटच्या दारात कारीट नव्हतं म्हणून एक लिंबूच पायाखाली फोडलं आणि सात वाजता डबा घेऊन बसस्टॉपवर उभी राहिले. बाहेर मिट्ट काळोख. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते, आणि नेमक्या त्याच सोमवारी ओंटारियो प्रांतातल्या झाडून सगळ्या शहरांत पालिकेची निवडणूक होती. इथे ती दर चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी होते. तारीख कायद्यातच लिहिलेली. दिवाळी असो नाहीतर हिमवर्षाव, सोमवार सरकत नाही.

कॅनडात येऊन मला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत तेरा वर्षं शिक्षिका होते, म्हणजे निवडणुकीची ड्युटी काही नवी नव्हती. साहित्य वाटपाची रांग, एसटीच्या सीटखाली सरकवलेलं मशीन, केंद्राध्यक्षांची रात्रभर चाललेली पाकिटं, आणि पहाटे साहित्य जमा करताना हमखास हरवलेली सापडणारी एखादी मोहोर, सगळं अंगवळणी पडलेलं. तिकडे ड्युटी रद्द करून घेण्यासाठी आम्ही वैद्यकीय दाखले गोळा करायचो. इथे तीच ड्युटी मी स्वतःहून अर्ज करून मागून घेतली. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिथं जाऊन पण तेच?"

तेच, पण कारण वेगळं. नवीन आलेल्या माणसाला इथे पहिला प्रश्न येतो तो 'कॅनेडियन अनुभव' आहे का हा. तेरा वर्षांचं शिकवणं एका ओळीत बसतं आणि त्या ओळीकडे कुणी पाहत नाही. निवडणुकीचं काम एक दिवसाचं, पण मालक म्हणून शहराचं नाव लागतं, आणि काम नीट केलं तर शिफारशीला एक माणूस मिळतो.

आमच्या शहराने जाहिरात उन्हाळ्यातच टाकली होती, शहराच्या संकेतस्थळावर. अट होती ती कॅनडात काम करायची कायदेशीर परवानगी असण्याची. नागरिकत्वाची नव्हती. देशाच्या म्हणजे फेडरल निवडणुकीत काम करायचं तर मात्र नागरिकच लागतो, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीतली अट स्वतः वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. सोशल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. पैसे तासावर नाहीत, दिवसाची आणि प्रशिक्षणाची मिळून एक ठरावीक रक्कम असते. वर्षभरात निवडणुकीचं काम पस्तीस तासांच्या आत असेल तर त्यातून सीपीपी (पेन्शनची वर्गणी) आणि ईआय (बेकारी विम्याचा हप्ता) कापत नाहीत. अर्जात 'निवडणुकीचा पूर्वानुभव' असा रकाना होता. मी लिहू की नको करत शेवटी भारतातल्या पाच निवडणुका लिहिल्या. निवड त्याच्यामुळे झाली की नाही माहीत नाही, पण प्रशिक्षणाच्या दिवशी आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी पहिलं तेच विचारलं, "एका केंद्रावर किती मतदार असायचे?" मी हजारावर म्हटलं तर त्यांनी चष्मा काढला.

प्रशिक्षणात आधी डोक्यातलं जुनं पुसावं लागतं. इथे वेगळा निवडणूक आयोग येऊन शहराची निवडणूक घेत नाही. ती शहराचा क्लार्क घेतो, म्हणजे आपल्याकडच्या नगरसचिवासारखा अधिकारी. महापौर थेट लोकांनी निवडायचा. आपल्याकडे महानगरपालिकेत आरक्षणाची सोडत निघते, मग नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात आणि खरी सूत्रं आयुक्तांकडे राहतात. इथला महापौर वजनदार असतो, आणि २०२२ पासून प्रांताने आधी टोरांटो आणि ओटावाच्या, मग इतर बऱ्याच शहरांच्या महापौरांना आणखी जादा अधिकार दिलेत. आणि पक्ष नाहीत. मतपत्रिकेवर फक्त नावं, आडनावाच्या क्रमाने. चिन्ह नाही, फोटो नाही. त्यामुळे ओळखीचं नाव जिंकतं. आमच्या शेजारच्या मिसिसागात हेझल मॅकॅलियन नावाच्या बाई १९७८ ते २०१४ अशा सलग छत्तीस वर्षं महापौर होत्या, तेव्हा त्या नावाच्या जोरावरच असणार असं मला वाटलं होतं. मग कळलं की १९७९ मध्ये तिथे रसायनांची मालगाडी रुळावरून घसरली आणि दोन लाखांवर लोकांना घराबाहेर काढावं लागलं, तेव्हा या बाई पाय मुरगळलेला असताना लंगडत फिरत होत्या. लोकांनी ते लक्षात ठेवलं.

पण महापौर आणि नगरसेवक कळायला सोपे. माझी विकेट काढली ती शाळेच्या ट्रस्टींनी.

आपल्याकडे महापालिकेची शाळा असते. इथे ती चीजच नाही. शाळा चालवतं स्कूल बोर्ड, ते शहरापासून वेगळं, आणि त्याचे ट्रस्टी म्हणजे विश्वस्त त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर निवडले जातात. शिवाय बोर्ड एक नाही, सरकारी पैशावर चालणारी चार: इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक. प्रत्येक मतदाराच्या नावापुढे यादीत त्याचा 'स्कूल सपोर्ट', म्हणजे तो यातल्या कुठल्या बोर्डाचा धरायचा ते, लिहिलेला असतो आणि त्यानुसार त्याला मतपत्रिका द्यायची. वरचा महापौर-नगरसेवकांचा भाग सगळ्यांना सारखा, खालचा ट्रस्टींचा भाग वेगळा. म्हणजे एकाच टेबलावर चार गठ्ठे. कुणी काही सांगितलं नसेल तर माणूस आपोआप इंग्रजी पब्लिकमध्ये धरला जातो.

दुपारी साडेतीनची गोष्ट. शाळा सुटायची वेळ, रांग दारापर्यंत. माझ्यापुढे एक गोव्याचं जोडपं आलं, आडनाव ऐकूनच मी खुलले आणि "म्हापशाचे का?" विचारून बसले. गप्पांच्या नादात नवऱ्याला कॅथलिकची मतपत्रिका दिली आणि तीच लय धरून बायकोलाही. तिच्या नावापुढे इंग्रजी पब्लिक लिहिलं होतं. ती दोन पावलं गेली असेल, केंद्रप्रमुख मागून येऊन हळूच म्हणाल्या, "यादी परत बघ." मी बघितली. पोटात गोळा आला. पळत जाऊन तिला थांबवलं, मतपत्रिका परत घेऊन तिच्यावर 'रद्द' लिहिलं, वहीत नोंद केली. तर ती बाईच म्हणाली, "पण आमची मुलं कॅथलिक शाळेतच आहेत की!" म्हणजे माझी मतपत्रिका मनाने बरोबर होती आणि कागदाने चूक. मग फॉर्म भरून तिने आपली नोंद बदलून घेतली आणि रीतसर पुन्हा तीच मतपत्रिका घेतली. एव्हाना रांग पार्किंगपर्यंत पोचलेली. केंद्रप्रमुख मला एवढंच म्हणाल्या, "मतं मोजणाऱ्या मशीनला कळत नाही कुणाला कुठली दिली ते. एकदा गेली की गेली." त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी कुणालाही गाव विचारलं नाही.

मतपत्रिकेवरचा ट्रस्टींचा भाग इथले जुने लोकसुद्धा रिकामा सोडतात. मी पुढे शाळेत काम करायला लागले तेव्हा कळलं की शाळेची हद्द, फ्रेंच इमर्शनचे म्हणजे फ्रेंचमधून शिकवायचे वर्ग, बोर्डाचं बजेट, बोर्डाचा मुख्य अधिकारी नेमणं, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. आपण मराठी लोक पोरांच्या शाळेची हद्द बघून घर भाड्याने घेतो आणि ती हद्द ठरवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसतं! अर्थात प्रांत मनात आणेल तेव्हा त्यांना बाजूलाही सारतो. २०२५ मध्ये टोरांटोच्या इंग्रजी पब्लिक आणि कॅथलिक अशा दोन्ही बोर्डांवर प्रांताने पर्यवेक्षक बसवले आणि निवडून आलेले ट्रस्टी नुसते नावाला उरले. आपल्याकडच्या प्रशासक नेमण्याची आठवण झाली.

दिवसभरात सोलापूरशी सर्वांत जास्त फारकत जाणवली ती यादीत नाव नसलेल्या माणसाशी वागण्यात. तिकडे नाव नाही म्हणजे विषय संपला, माणूस चिडून, हात झटकून परत जायचा. इथे सत्तरीचे एक पंजाबी बाबाजी आले, यादीत त्यांचं नावच नाही. मी सवयीने "सॉरी" म्हणायला तोंड उघडलं. बाजूच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोराने फॉर्म पुढे सरकवला. नाव आणि पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं, त्यावर फोटो नसला तरी चालतो, बँकेचं स्टेटमेंटसुद्धा चालतं. सही करायची, यादीत नाव घालायचं, मत द्यायचं. पाच मिनिटांत बाबाजी आत. मत देऊन बाहेर आल्यावर त्यांनी बोट पुढे केलं. मला क्षणभर कळेना. मग म्हटलं, "शाई नसते इथं, बाबाजी." ते हसले.

उलट बाजूही बघावी लागली. संध्याकाळी पाचला नवे कपडे घातलेलं एक मराठी जोडपं आलं, तिच्या हातात फराळाचा डबा, कुणाकडे तरी निघालेले. जाता जाता मत देऊन जाऊ म्हणून आत शिरले होते. पुढे केलं ते पीआर कार्ड, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचं, नागरिकत्वाचं नव्हे. पालिकेच्या निवडणुकीत मत फक्त कॅनडाच्या नागरिकाला, वय अठरा पूर्ण असलेल्याला. तुम्ही इथला मालमत्ता कर भरता, पोरं इथल्या शाळेत आहेत, पाणीपट्टी भरता, तरी नाही. टोरांटोच्या नगरपालिकेने २०१३ मध्ये पीआर लोकांना मत द्यावं अशी मागणी प्रांताकडे केली होती, ती तशीच पडली आहे. त्यांना नाही म्हणताना मी मराठीत बोलले. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला तरी आहे का?" मी मान हलवली. "मग तुम्ही इथं कशा?" ड्युटीवर, म्हटलं. दोघं हसली आणि तिने चार चकल्या कागदात बांधून टेबलावर ठेवल्या. टेबलावरचं खाणं केंद्रात चालत नाही, म्हणून मी त्या पर्समध्ये टाकल्या आणि बाथरूमजवळच्या कोपऱ्यात उभ्याउभ्या संपवल्या.

मतदान सकाळी दहा ते रात्री आठ. आम्हाला मात्र आठ-साडेआठपासून हजर राहायचं होतं आणि मधे केंद्र सोडून जायचं नाही. डबा दोन वेळचा न्या. बूट साधे घाला. खुर्ची मिळते, पण बसायला मिळत नाही. आणि इंग्रजी बेताचं आहे म्हणून घाबरू नका. आमच्या केंद्रावर सर्वांत उपयोगी पडली ती माझी हिंदी.

सकाळी मशीन, म्हणजे टॅब्युलेटर, सुरू केल्यावर सगळ्या नावांपुढे शून्य असलेली पट्टी निघाली होती. आपल्या मॉक पोलनंतरचं 'क्लिअर' आठवलं. रात्री आठला दार बंद झालं, रांगेत आधीच उभ्या असलेल्यांना आत घेतलं, आणि मग त्याच मशीनमधून निकालाची लांबलचक पट्टी सरसर बाहेर आली. उमेदवारांचे दोन प्रतिनिधी मोबाइलवर फोटो काढून निघून गेले. ना गुलाल, ना घोषणा. शिल्लक मतपत्रिका, रद्द मतपत्रिका, वहीतला आकडा यांचा ताळा पहिल्या दमात जुळला, आणि तो लावायला मीच बसले होते, कारण त्या खोलीत तो हिशोब मला सर्वांत सवयीचा होता. ते काम करताना केंद्रप्रमुख बाई माझ्याकडे बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी टोरांटोत जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. आमच्याकडेही काही फार वेगळं चित्र नव्हतं. घरी पोचायला रात्रीचे साडेदहा. पोरं जागी होती, पूजा मांडून ठेवलेली.

आता कामाचं. या एका दिवसाने मला नोकरी दिली नाही. पण दोन महिन्यांनी एका शाळेत लंचरूम सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत दिली, तिथे शिफारशीला मी केंद्रप्रमुख बाईंचं नाव दिलं, त्यांना आधी विचारून. विचारल्याशिवाय नाव देऊ नका, इथे त्याचा राग येतो. त्यांनी माझ्याबद्दल काय सांगितलं ते मुख्याध्यापिकांनी नंतर मला ऐकवलं: चूक झाली तर लपवत नाही. मला वाटलं होतं ताळ्याबद्दल सांगतील. दुपारी दीड तासाचं ते काम धरून मी ओंटारियोच्या शिक्षक परवान्याचे कागद जमवत गेले. मुलाखतीत स्कूल बोर्ड कशी चालतात हे विचारलं तर चार प्रकार न अडखळता सांगता आले. पुस्तकातून शिकले असते तर विसरले असते, त्या गोव्याच्या बाईंमुळे विसरणं शक्य नव्हतं.

पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ ला आहे. नवीन आला असाल तर उन्हाळ्यात आपल्या शहराच्या संकेतस्थळावर नोकऱ्यांचं पान अधूनमधून उघडत राहा. नागरिक झाला असाल तर मतदार यादीतलं नाव आणि त्यापुढचा स्कूल सपोर्ट आधीच तपासा. यादी आता इलेक्शन्स ओंटारियोकडे, म्हणजे प्रांताच्या निवडणूक कार्यालयाकडे असते. आणि ड्युटी लागली तर स्वतःचं मत आधीच्या आगाऊ मतदानात देऊन टाका. सोलापुरात आम्ही टपाली मतपत्रिकेचा फॉर्म भरायचो आणि निम्म्या लोकांची ती वेळेवर पोचायची नाही.

या वेळी मलाही मत आहे. नाव तपासलं. स्कूल सपोर्ट इंग्रजी पब्लिक. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि ड्युटी?" ती पण, म्हटलं.