पावसाचा जुना रेकॉर्ड कसा वाचायचा

आपल्या नागपुरात वर्षाला 1000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो म्हणून आपण सरासरी काढतो न मोकळे होतो, पण जैसलमेरसारख्या वाळवंटी भागात, जिथे वर्षाचा पाऊस सरासरी 200 मिमीच्या आसपासच असतो, तिथे नुसती सरासरी पार फसवते. दोन-तीन दिवसांच्या मुसळधार पावसाने अख्खं वर्ष ओलं दिसतं आणि सरासरी वर जाते. म्हणून सगळी वर्षं कमी ते जास्त अशी लावून मधला आकडा पण बघा.

डेटा हवामान खात्याचा घ्या, किमान 30 वर्षांचा, आणि एक्सेलमध्ये भरताना रिकामी जागा शून्य समजू नका प्लीज! नोंद नसणं आणि पाऊस नसणं यात खूप फरक आहे.

मग प्रत्येक वर्षाचा सरासरीपासून फरक टक्क्यांत काढा. 19 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त म्हणजे सामान्य, 20 ते 59 टक्के कमी म्हणजे तूट, 60 च्या पुढे मोठी तूट.

पावसातला खंड बघायचा असेल तर रोजचे आकडे लागतात. 2.5 मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरा आणि मधले कोरडे दिवस सलग मोजा, कारण शेतकऱ्याचं पीक खंडात जातं, वर्षाच्या बेरजेत ते दिसतच नाही.

शेवटी 5 वर्षांची चालती सरासरी (एकेक वर्ष पुढे सरकत दर वेळी सलग 5 वर्षांची सरासरी) लावा, पण ग्राफमध्ये लाटा दिसल्या की लगेच पावसाचं चक्र सापडलं म्हणू नका, चालती सरासरी स्वतःच अशा लाटा तयार करते.